मोठ्यानं बोलायचं घर

बहात्तरच्या उन्हाळ्यात आमचे हे सैन्यातून कायमचे परत आले. तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन मी सोलापूर स्टेशनवर उभी होते. ते डब्यातून उतरताना दिसले, तेव्हा त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी "अहो" म्हटलं. आसपासच्या तीन-चार पुरुषांनी वळून पाहिलं, यांनी नाही. पुन्हा म्हटलं, लाज सोडून, मोठ्यानं. ते खाली वाकून ट्रंकेची कडी नीट करत राहिले. शेवटी जवळ जाऊन मी त्यांच्या दंडाला हात लावला, तर असे दचकले की उचललेली ट्रंक हातातून सुटली.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "उजव्यानं मुळीच नाही. डाव्यानं थोडंफार."

हे त्यांनी इतक्या मोठ्या आवाजात सांगितलं की हमाल थांबून बघायला लागला. मुलीनं माझ्या खांद्यात तोंड लपवलं. चार महिने ते लष्कराच्या इस्पितळात होते आणि तिथून आलेल्या प्रत्येक पत्रात 'तब्येत सुधारत आहे, काळजी नसावी' एवढंच होतं. टांग्यात बसल्यावर मी विचारलं, "मला लिहिलं का नाहीत?" ते समोर रस्त्याकडे बघत होते. त्यांना ते ऐकू गेलंच नाही, आणि टांगेवाल्यादेखत ओरडून विचारायचं माझ्या जिवावर आलं. तो प्रश्न तसाच राहिला.

मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. दोन खोल्यांचं आमचं घर विणकरांच्या वस्तीत होतं. भिंतीपलीकडे तेलुगू बोलणारं एक कुटुंब राहायचं आणि त्यांच्या पुढच्या खोलीतच माग होते. सकाळी माग सुरू झाले की आमच्या मांडणीवरची भांडी हलायची. आल्यागेल्या नातेवाइकांनी सांगितलं, लढाईवरून आलेला माणूस, त्याला शांत जागा बघा. पण झालं उलटं. यांच्या कानात सारखी एक बारीक शिट्टी वाजायची, आणि मागांची थरथर सुरू झाली की ती दबायची. मागांना सुट्टी असली की हे हैराण. आत-बाहेर करत राहायचे, कान तळहातानं दाबायचे, मुलीनं वाटी जरी पाडली तरी अंगावर जायचे.

पुढे अक्कलकोट रोडच्या एका चादरींच्या कारखान्यात त्यांना काम मिळालं. फौजी माणूस म्हणून मालकानं दारावर बसवलं. पंधरा दिवसांत यांनी जाऊन सांगितलं, मला आत घ्या, माग शिकवा. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते पोरासोरांबरोबर धागा जोडायला शिकले. रोज सायकलवरून जायचे. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा पाहिलं, मागांच्या आवाजात कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. सगळेच एकमेकांच्या ओठांकडे आणि बोटांकडे बघून बोलत होते. हे त्यांच्यात उभे राहून हसत होते. तसं हसताना मी त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या रजेत पाहिलं होतं. डबा एका बाईकडे देऊन मी तशीच परत फिरले. का कोण जाणे, मला त्यांचा रागच आला. पाळीतले आठ तास ते चारचौघांसारखे होते, आणि उरलेला दिवस आमच्या वाट्याला होता.

शाळेत साठ मुलांपुढे ओरडायचं आणि घरी आल्यावर यांच्या डाव्या कानाशी. माझा घसा पहिल्या वर्षातच बसला तो पुन्हा पूर्ण सुटला नाही. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झाला. डॉक्टर म्हणाले, आवाजाला विश्रांती द्या. मी बरं म्हटलं. पण घशापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त लागली. नवरा-बायकोत जे हळू आवाजात बोलायचं असतं ते आमच्या घरातून गेलं. ओरडून काय सांगता येतं? जेवायला या. रॉकेल संपलं. गावाहून पत्र आलंय. मला थकवा आलाय, मला तुमची भीती वाटते, असलं काही ओरडून सांगता येत नाही. भिंतीपलीकडे माणसं असतात. आणि समजा नसती, तरी ओरडल्यावर त्या बोलण्याचा अर्थ बदलतो, भांडण केल्यासारखं होतं.

पुढच्या वर्षीच्या दुष्काळात आम्ही बार्शीजवळच्या त्यांच्या गावी गेलो होतो. सासरे विहीर आणखी खाली नेत होते. तळाला खडक लागला होता आणि तो सुरुंगानं फोडायचा होता. हे बांधावर बसले होते, मुलगी शेजारी मातीत खेळत होती. सुरुंग लावणाऱ्यानं ओरडून सगळ्यांना लांब व्हायला सांगितलं. मला वाटलं सासरे यांना खुणावतील. सासऱ्यांना वाटलं मी सांगितलंय. लांब तर ते होतेच, दगड त्यांच्यापर्यंत येणार नव्हते, म्हणून कोणी घाई केली नाही.

जमीन हादरली. पुढच्या क्षणी हे मुलीच्या अंगावर पालथे पडलेले होते. तिला मातीत दाबून, तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून. ती किंचाळत होती आणि यांना ते ऐकूच जात नव्हतं. दोघा गड्यांनी ओढून त्यांना बाजूला केलं तेव्हा मुलीचा डावा हात कोपरापासून भलत्याच बाजूला वळला होता.

"त्येला ऐकू आलं न्हाय की," सासरे सारखं म्हणत होते. "पोरीला वाचवाया गेला त्यो. त्येला काय म्हाईत."

यष्टीनं आम्ही बार्शीला दवाखान्यात गेलो. मुलगी माझ्या मांडीवर होती. हे सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. हात जुळला, पण थोडा वाकडाच जुळला. त्यानंतर यांनी मुलीला उचलून घेतलं नाही. तिच्या चपला आणायचे, दप्तराचा पट्टा शिवून द्यायचे, शाळेच्या फाटकापर्यंत दहा पावलं मागून चालायचे. ती जवळ आली की हात पाठीमागे घ्यायचे. मुलं असल्या गोष्टी लवकर शिकतात. वर्षभरात तिनंही जवळ जाणं सोडलं. बाबांना काही सांगायचं असलं की मला सांगायची, आणि मी ते ओरडून सांगायचे.

दर वर्षी डिसेंबरात हे एक दिवसाची रजा काढून करमाळ्याच्या बाजूला एका खेड्यात जायचे. त्यांच्या तुकडीतला एक जण तिथला होता, तो लढाईत गेला. त्याची आई एकटी राहायची. तिच्यासाठी लुगडं न्यायचे, एखादी चादर न्यायचे, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचे. तिकडचं काही बोलायचे नाहीत. शहात्तरच्या डिसेंबराआधी त्या बाईनं कोणाकडून तरी पोस्टकार्ड लिहून घेऊन पाठवलं, या वेळी बायकोला घेऊन ये. यांना ते आवडलं नाही, पण त्यांनी नाही म्हटलं नाही.

यष्टी बदलत आम्ही दुपारी पोचलो. बाई साठीच्या, वाळलेल्या, पण ताठ. मुलीला आम्ही शेजाऱ्यांकडे ठेवून आलो होतो, तिची त्यांनी चौकशी केली. चहा झाला. मग त्या माझ्याजवळ सरकून बसल्या.

"पाच वरसं झाली, मी येकच इचारतीया ह्येला," त्या म्हणाल्या. "माझं लेकरू शेवटाला कसं गेलं. ह्यो कानाला हात लावतो, ऐकू येत न्हाय म्हंतो. तुझं ऐकतो की. तू इचार."

तेव्हा मला कळलं, कार्ड कशासाठी आलं होतं ते. मी यांच्याकडे पाहिलं. ते चहाची बशी पुसत होते, आणि मला स्पष्ट दिसलं की त्यांना प्रश्न समजला आहे. कारखान्यात ओठ वाचणारा माणूस तो. पाच वर्षं त्यांनी आपल्या बहिरेपणाचा आडोसा केला होता. तो आडोसा मी काढायचा, असं त्या बाईचं म्हणणं होतं.

मला तेव्हा दया यायला हवी होती. मला आला तो कंटाळा. सगळ्यांचं सगळं माझ्याच घशातून जायचं याचा कंटाळा. मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकले आणि ओरडले, "त्या विचारतायत, शेवटी काय झालं?"

अंगणाच्या कडेला भांडी घासणारी शेजारीण थांबली. यांनी बशी खाली ठेवली. मग बोलले, नेहमीसारखं मोठ्यानं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं.

"सकाळी गोळा पडला. माझा उजवा कान तेव्हाच गेला. तो माझ्यापासून तीसेक पावलांवर होता, उसाच्या कडेला. पोटात लागलं होतं त्याच्या. पाणी मागत होता. मला हाका मारत होता. डाव्यानं मला ऐकू येत होतं. वरून गोळीबार चालू होता. मी गेलो नाही. दिवस कलल्यावर गेलो. तेव्हा तो गेला होता."

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. आठ वर्षं मी त्यांची बायको होते.

बाईंनी डोळ्याला पदर लावला नाही. जमिनीवरची एक काडी उचलून ती मोडत बसल्या. "सकाळपासनं," असं एकदा स्वतःशीच म्हणाल्या. थोड्या वेळानं उठून चुलीपाशी गेल्या आणि भाकरी थापायला लागल्या. मी मदतीला गेले.

"त्येला सांग," त्या तव्याकडे बघत म्हणाल्या, "फुडल्या वरसापासनं येऊ नगंस. राग न्हाय माझा. गेला असता तर ह्योबी मेला असता, त्ये कळतंय मला. पर नगं येऊ. बघवायचं न्हाय मला."

मी हो म्हटलं. ताटं घेऊन बाहेर आले. हे मान वर करून माझ्याकडे बघत होते, बाईंनी काय सांगितलं असं विचारल्यासारखं. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि सांगितलं, "त्या म्हणतायत, पोटभर जेवा."

त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. घरी येताना यष्टीत बसल्यावर माझ्या खांद्याला डोकं टेकून झोपले. लग्नानंतर असं पहिल्यांदाच.

ते वर्ष बरं गेलं, हे मला लिहायलाच हवं. ते जरा मोकळे झाले होते. एका संध्याकाळी मुलीला समोर बसवून त्यांनी विचारलं, "हात दुखतो का?" ती माझ्याकडे बघायला लागली. "आईकडे नको, माझ्याकडे बघून सांग," ते म्हणाले. "थंडीत दुखतो," ती साध्या आवाजात म्हणाली. त्यांना कळलं. तिळाचं तेल कोमट करून ते तिच्या कोपराला चोळायला बसले. मी भाजी चिरत होते. मध्ये पडले नाही.

ते सगळं एका निरोपावर उभं होतं, जो मी पोचवला नव्हता. रोज वाटायचं आज सांगावं. मग वाटायचं, दसऱ्यानंतर. दसरा गेला, दिवाळी गेली. डिसेंबरात एक दिवस ते बाजारातून नऊवारी लुगडं घेऊन आले आणि पिशवी भरायला लागले.

ओरडून मला ते सांगता येईना. मुलीच्या वहीतलं एक पान फाडून मी त्यावर लिहिलं. बाईंचे शब्द जसे होते तसे लिहिले, राग नाही हेही लिहिलं. त्यांनी उभ्यानंच वाचलं. दोनदा वाचलं.

"केव्हा म्हणाल्या?"

मी हातानं दाखवलं, गेल्या खेपेला.

"आणि तू वर्षभर घेऊन बसलीस."

मला वाटलं आता आवाज चढेल. पण ते खाटेवर बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी किती वाळले आहे, माझे केस कुठे कुठे पांढरे झाले आहेत, ते त्यांना तेव्हाच दिसलं असावं. "थकलीस," एवढंच म्हणाले. प्रश्न नव्हता तो. 

ते गेले नाहीत. रजाही रद्द केली, सायकल काढून कामावर गेले. नंतरच्या डिसेंबरातही कामावर गेले. त्या बाई पुढे दोन-तीन वर्षांनी वारल्या. कार्ड आलं तेव्हा दहावा होऊन गेला होता. यांनी ते वाचून मला दिलं आणि विचारलं, "आता जाता येईल का?" मी म्हटलं, "आता कोणाकडे जाणार?" त्यांनी मान हलवली.

ते लुगडं पिशवीतच पडून होतं. मी पाचवारी नेसणारी, मला त्याचा उपयोग नव्हता. संक्रांतीला गावी गेलो तेव्हा सासूबाईंना दिलं. त्यांनी पदर उलगडून पाहिला, रंग जरा गडद आहे म्हणाल्या, आणि शेतात नेसायला ठेवलं.