कॅसेटला लावलेली चिंच

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर मला तुमचा नवा गेम दाखवलात. गवताचं पातं न् पातं वेगळं दिसत होतं. घोड्याच्या मानेवरचे केस वाऱ्याने हलत होते. चिपवरच्या रेघा दर दोन-तीन वर्षांनी आणखी बारीक करतात, म्हणून एवढं चित्र मावतं, असं थोरला मला समजावत होता. तेवढ्यात तुमची आई मागून हसत म्हणाली, "माझ्याकडेही होता हं गेम, तिसगावला. दुरुस्तीवाल्या मुलीने त्याची वाट लावली."

"आई, तू दिसत नाहीयेस," ती म्हणाली. मी फोन छताकडे केला होता. तुम्हाला बराच वेळ पंखा दिसला असेल.

त्या मुलीने वाट लावली नव्हती. मी लावली होती. हे मी तीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही, तुमच्या आजोबांनाही नाही. ते आता नाहीत.

मी तेव्हा तिसगावला हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. तुमची आई सहावीत होती. तिच्या मामाने मुंबईहून टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. करड्या रंगाचा डबा, त्यावर एक खाच आणि त्या खाचेत बसवायची पिवळी कॅसेट. गाण्याची नव्हे. साबणाच्या वडीएवढी प्लास्टिकची चपटी डबी, आणि तिच्या उघड्या कडेला पिवळ्या धातूच्या पट्ट्यांची रांग. पडद्यावरचा माणूस म्हणजे दहा-बारा रंगीत चौकोन, एकावर एक रचलेले. तुमच्या आईला मात्र त्याचं नाक, टोपी, पळून झालेली दमणूक, सगळं दिसायचं.

दिवाळीच्या आधी तो डबा चालेना. तेव्हा माझी एक जुनी विद्यार्थिनी गावात टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायची. बौद्ध वस्तीतली. वडील बाजारात हमाली करत. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेली आमच्या भागातली ती पहिलीच मुलगी असावी. ती घरी आली, डब्यातली एक सुटलेली तार डाग देऊन जोडली आणि जाताना तुमच्या आईला कॅसेट उघडून दाखवली. आत हिरवी पाटी होती आणि तिच्यावर डांबराचा थेंब पडावा तसा काळा ठिपका.

"सगळा खेळ ह्या ठिपक्याच्या खाली हाय," ती म्हणाली.

त्याच्या आदल्या महिन्यात मी तिला एका इंग्रजी मासिकातला लेख मराठीत सांगितला होता. सिलिकॉनच्या चकतीवर उजेडाने रेघा कशा काढतात, त्या खोलीत धुळीचा कणसुद्धा का चालत नाही, रेघ बारीक झाली की तेवढ्याच जागेत दुप्पट काम कसं मावतं. मला त्यातलं निम्मं कळलं नव्हतं. मी नुसते शब्द सांगत होते, अर्थ तीच लावत होती. सगळं ऐकून तिने विचारलं होतं, "मंग बाई, एक दिवस हे चौकोन दिसनारच न्हाईत का?" मी म्हटलं होतं, असं लिहिलंय खरं.

नगरच्या एमआयडीसीत अशा पाट्या जुळवण्याचा एक कारखाना होता. तिथे तिने अर्ज केला होता आणि शिक्षकाचं एक पत्र जोडायचं होतं. मी ते द्यायचं कबूल केलं होतं. त्यात काय लिहिणार तेही तिला बोलून दाखवलं होतं: इतक्या जपून आणि नीट हाताने काम करणारी विद्यार्थिनी मी दुसरी पाहिलेली नाही. बारीक कामाच्या जागेसाठी तेच वाक्य महत्त्वाचं होतं. ते ऐकून ती लाजली होती.

ती डबा दुरुस्त करून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दिवाळीची पितळेची भांडी घासायला काढली. समई, तांब्या, निरांजनं. चिंचेचा कोळ, मीठ आणि जुना टूथब्रश. माझं घर तुम्हाला माहीत आहे. काळवंडलेलं काही मला बघवत नाही. कॅसेट टीव्हीवर पडली होती आणि तिच्या त्या पिवळ्या पट्ट्या मळकट दिसत होत्या. पितळ ते पितळ, असं वाटून मी त्यांच्यावरही चिंच फिरवली, ओल्या फडक्याने पुसली आणि उन्हात ठेवली. छान चमकल्या. मला समाधान वाटलं.

चार दिवसांनी पडद्यावर माणसाऐवजी चौकोनांचा चिखल झाला. तुमची आई रडली. आजोबा म्हणाले, त्या दिवशी त्या मुलीनेच उघडली होती ना कॅसेट? आणि मी म्हणाले, हो, तिनेच.

खरं सांगते, त्या क्षणी मला चिंच आठवलीच नव्हती. ती आठवली दुसऱ्या दिवशी, मुलगी कॅसेट बघायला आली तेव्हा. तिने डबी खिडकीशी नेली. पट्ट्यांच्या मधल्या फटींत हिरवट थर धरला होता. तिने त्यावरून नख फिरवलं, वास घेतला आणि आमच्या तिघांकडे न बघता हळूच विचारलं, "बाई, ह्याला कुनी चिंच, पानी असं काय लावलं व्हतं का?"

आजोबा समोर खुर्चीत होते. तुमची आई माझा पदर धरून उभी होती. कोनाड्यात समई लखलखत होती.

"नाही," मी म्हटलं.

बस, एवढंच. एका शब्दात झालं. आजोबा म्हणाले, पोरीचा हात घाईचा आहे. तिने मान खाली घातली. माझ्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही आणि तिच्यावर घ्यायला कुणाला वेळ लागला नाही. हे असं का झालं ते मला कळत होतं. समतेवर वर्गात दरवर्षी धडा शिकवणारी बाई होते मी.

ती पत्रही न्यायला आली होती. माझी इंग्रजी पत्रं आजोबा टाइप करत, आमच्या दारामागच्या टेबलावर. ते वाक्य सांगितलं असतं तर त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं असतं. म्हणून मी ते गाळलं. प्रामाणिक, नियमित, वर्तणूक चांगली, असं शाळा सोडणाऱ्या प्रत्येकाला जे लिहून देतो तेच सांगितलं.

तिने उभ्याउभ्या पत्र वाचलं. वाचता येण्याएवढं इंग्रजी मीच शिकवलं होतं तिला.

"बाई, ते हाताचं लिवनार व्हता तुमी."

"एवढं पुरे आहे," मी म्हटलं.

तिने कागदाची नीट घडी केली, कडेला कड लावून. दुरुस्तीचे पैसे आजोबांनी पुढे केले तर ते टेबलावरच ठेवले आणि गेली.

ती नोकरी तिला मिळाली नाही. माझ्या पत्रामुळेच, असं मी म्हणू शकत नाही. पण पत्रामुळे नाही, असंही मला कधी म्हणता आलेलं नाही. त्या वर्षानंतर आमच्या घरी काही बिघडलं की मी ते पाथर्डीला पाठवायची. लोकांना वाटे, तिच्या कामाचा मला वाईट अनुभव आला असणार. तोही माझ्या त्या 'नाही'चाच भाग झाला.

तिसगावच्या स्टँडजवळ तिचं दुकान आहे. आता मोबाईल दुरुस्त करते. मी नगरहून त्या बाजूला जाते तेव्हा एसटी तिथे थांबते आणि मी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघते.

कॅसेट माझ्या कपाटात आहे, वरच्या खणात, तिच्यावर माझ्याच अक्षरात 'बिघडलेली' अशी चिठ्ठी. काल ती काढून पाहिली. पट्ट्या अजून हिरव्या आहेत.

हे पत्र आधी तुमच्या आईला वाचू द्या. तिने त्या मुलीला तीस वर्षं दोष दिला, तो माझ्या शब्दावरून. मंगळवारी मी कॅसेट घेऊन तिसगावला जाणार आहे. सोबत एक कागद असेल, त्यावर ते एकच वाक्य, इंग्रजीत, तारीख आणि माझी सही घालून. आता त्याचा तिला काही उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. तिने तो घेतला नाही तर मी परत आणीन, आणि तुम्हाला तसं कळवीन. पुढच्या कॉलला फोन सरळ धरीन.