शनिवारची माणसं

गांगुर्डेबाईंच्या वर्गात पहिल्याच दिवशी तुमचं नाव जायचं. हजेरीत काय असेल ते असो, बाई तुम्हाला गावाच्या नावानंच हाक मारणार. "ए सटाणा, दार लाव. आणि निफाड, तू हसतेस काय गं?" निफाड म्हणजे मी. अजूनही एसटी स्टँडवर कंडक्टर "निफाड, निफाड" असं ओरडला की माझ्या तोंडून "आले बाई!" निघता निघता राहतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या आमच्या कॉलेजात समाजशास्त्राचं एम. ए. नुकतंच सुरू झालेलं. बाईंनी विद्यापीठाशी भांडभांड भांडून एक नवा पेपर पदरात पाडून घेतला होता: वार्धक्याचा अभ्यास. तोही प्रायोगिक तत्त्वावर, म्हणजे आवडला तर ठेवू, नाहीतर बंद करू. स्टाफरूममध्ये चेष्टेला नुसता ऊत आला होता. "म्हातारपणाचा कसला क्लास बाई? ते तर न बोलावता येतं!" असं एक सर म्हणाले. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "येतं ना? मग पाहुणा यायच्या आधी घर झाडून नको ठेवायला?"

बाई ठेंगण्या, सावळ्या, चालणं असं की मागे राहणाऱ्याला धाप लागावी. वडील देवळालीकडे रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचं काम, घरात शिकलेल्या त्या पहिल्याच. पदर खोचलेला आणि कमरेला विभागाच्या कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा. बाई कुठून येतायत ते त्या खुळखुळाटावरून कळायचं. परीक्षेच्या दिवशी मात्र त्या जुडगा मुठीत गच्च धरून फिरत, म्हणजे कॉपी करणाऱ्याला चाहूल लागू नये! कॉपी म्हटलं की बाईंचं डोकंच फिरायचं. संचालकांच्या पुतण्याला त्यांनी भर परीक्षेत बाहेर काढलं होतं आणि वर त्याच्या काकांना स्वतः जाऊन सांगितलं होतं.

पुस्तकं तेव्हा या विषयावर जेमतेम. होती तीही परदेशी, त्यातले म्हातारे बर्फ उपसत असायचे. बाईंनी आपला रस्ता काढला. प्रत्येकानं गावातला एक म्हातारा किंवा म्हातारी शोधायची आणि वर्षभर दर शनिवारी त्यांच्याकडे जायचं. नातेवाईक चालणार नाही. "घरच्या म्हाताऱ्याशी तुम्ही नातवासारखं बोलता," त्या म्हणत. "मला तुम्ही माणसासारखं बोललेलं हवंय." आणि एक कडक नियम, तब्येत विचारायची नाही. "माणूस म्हणजे काय चालता-बोलता केसपेपर आहे? 'नवीन काय?' असं विचारा."

माझ्या वाट्याला आल्या गिरजाआजी. मखमलाबादच्या वाटेवर त्यांचा मळा. शेवंती, गुलछडी, झेंडू. आयुष्यभर त्यांनी फुलबाजारात बसून फुलं विकली होती, आता सून जायची. मी पहिल्यांदा गेले आणि शिकवल्याप्रमाणे म्हटलं, "आजी, नवीन काय?"

आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. "मला इचारती?"

"हो."

"अगं बाई! मला तर समदी इचारत्यात, गुडघा कसा हाय." मग बराच विचार करून म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातल्या शेवंतीला कळी लागलीय बघ. अजून कोनाला ठाव नाय."

पुढच्या शनिवारपासून आजी बातमी तयार ठेवूनच बसायच्या. मळ्यात साप निघाला, शेजारणीनं रेडिओ घेतला, गुलछडीचा भाव चढला. एकदा मात्र नेहमीसारखं बोलता बोलता थांबल्या आणि हात कमरेशी नेत म्हणाल्या, "फुलाच्या कोठीची किल्ली दिली गं सुनंला. मीच दिली. पर हात मेला अजून हितंच जातो." मी त्यांच्याबरोबर हार ओवत बसले.

आमच्या वर्गातला सटाणा तसाच एका दत्तूबाबांकडे जायचा. दत्तूबाबा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. कानानं ठार बहिरे, आवाज मात्र अजून मागच्या सीटपर्यंत पोचेल असा. सटाणा पहिल्यांदा तोंड पाडून आला होता, "बाई, बाबाले काहीच ऐकू येत नही शे." बाई म्हणाल्या, "मग तू ऐक."

वर्ष संपताना बाईंनी कहर केला. तोंडी परीक्षेला या म्हाताऱ्यांनाच परीक्षक म्हणून बसवायचं ठरवलं! मुलं त्यांच्याकडून काय शिकली, हे त्यांनीच विचारावं. विद्यापीठाच्या भुवया चढल्या. निरीक्षणाला एक सर पाठवतो, असं त्यांनी कळवलं. पेपर पुढं चालू ठेवायचा की बंद करायचा, ते या सरांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. बाई वर्गात हसतच होत्या, पण आदल्या दिवशी फळा पुसता पुसता मला म्हणाल्या, "निफाड, हा पेपर गेला ना, तर माझं काय राहील गं? त्याच त्या कुटुंबाच्या व्याख्या घोकून घेत बसेन." बाईंचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.

परीक्षेला गिरजाआजी इरकल नेसून आल्या आणि खुर्चीवर चक्क मांडी घालून बसल्या. दत्तूबाबा जुना खाकी कोट घालून आले. बाईंनी त्यांना आधीच बजावलं होतं, कडक राहा, गुण उधळू नका. आणि सर आले. उंच, गंभीर, हसण्याचं त्यांना वावडंच असावं. म्हणाले, "आधी मी विचारतो. निवृत्तीनंतर व्यक्तीच्या भूमिकेत कोणता बदल घडतो?"

हा प्रश्न मला झोपेतून उठवून विचारला असता तरी आला असता. पण डोळ्यांसमोर बाईंचा काल फळ्यापाशी पाहिलेला चेहरा, आणि माझी वाचाच बसली.

तेवढ्यात आजींच्या खुर्चीतून कुजबुज आली. "किल्ली! अगं किल्लीचं सांग की!"

मी बघितलं तर आजी डोळे मोठे करून कमरेवर हात थापटत होत्या. मला एकदम सगळं आठवलं. मी आजींची किल्ली सांगितली, त्या वळणानं पुस्तकातलंही सांगितलं. सरांच्या कपाळावर आठी पडली.

मग सटाण्याची पाळी, प्रश्न तोच. तो अडखळल्याबरोबर दत्तूबाबा पुढं वाकून त्याच्या कानात 'हळूच' बोलले. बहिऱ्या माणसाचं हळूच! "पगार बंद! फंडाचं सांग, फंडाचं!" बाहेर व्हरांड्यातला शिपाईसुद्धा दचकला.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गांगुर्डेबाई, ही परीक्षा आहे की तमाशा? परीक्षकच कॉपी पुरवतायत!"

आमच्यानं बाईंकडे बघवेना. कॉपी, आणि बाईंच्या परीक्षेत! संपलं, मी मनात म्हटलं, गेला पेपर.

बाई उठल्या. चेहरा लाल झाला होता, आणि डोळ्यांत पाणी होतं. "हो सर," त्या म्हणाल्या, "कॉपीच आहे. मी डोळ्यांनी पाहिलीय. वर्षापूर्वी ही माणसं या मुलांना ओळखतही नव्हती. आज आपली पोरं नापास होतील म्हणून त्यांचा जीव खालीवर होतोय. याहून वेगळा निकाल माझ्याकडे दाखवायला नाही."

सरांनी चष्मा परत चढवला. मग आजींकडे वळून माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "आजी, ही तुमची कोण?"

"कोन म्हंजे?" आजी चिडल्याच. "शनवारची हाय माझी!"

आणि सर हसले हो! चांगले खदखदून हसले. जाताना बाईंना म्हणाले, "पेपर चालू ठेवा. फक्त पुढच्या वेळी परीक्षकांना जरा लांब बसवा." बाईंनी त्या दिवशी सगळ्यांना भेळ खिलवली, आणि दत्तूबाबांनी भेळेच्या पुड्या "पुढं सरका, पुढं सरका" म्हणत वाटल्या.

पेपर चालू राहिला. मी पुढं त्यातच संशोधन केलं आणि बाईंच्याच विभागात लागले. ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा बाई निवृत्त झाल्या. कमरेचा जुडगा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तिसरी किल्ली अडकते, जरा उचलून फिरव." एवढंच. नंतर मी त्यांच्याकडे जायची ती "बाई, नवीन काय?" म्हणतच. एकदा सवयीनं तब्येत विचारली, तर त्यांनी मला दारातूनच परत पाठवायला कमी केलं नाही.

एके दिवशी त्या स्वतःच विभागात येऊन उभ्या राहिल्या. "काय गं निफाड, आता मी पात्र आहे की नाही? मला एखादं पोरगं दे." मी त्यांना येवल्याची एक लाजरी मुलगी दिली. वर्षभर ती दर शनिवारी त्यांच्याकडे जात राहिली.

तोंडी परीक्षेला बाई कडक इस्त्रीच्या साडीत परीक्षकांच्या खुर्चीत बसल्या, टेबलापासून लांब. बाहेरून आलेल्या सरांनी त्या मुलीला नेमका निवृत्तीचा प्रश्न टाकला. मुलगी पांढरीफटक.

बाई छताकडे बघत होत्या. आयुष्यभर कॉपीच्या नुसत्या नावानं भडकणारी ती बाई, अगदी साळसूद चेहऱ्यानं! आणि त्यांचा हात हळूहळू कमरेकडे गेला, जिथं इतकी वर्षं जुडगा असायचा, तिथं चाचपून रिकामाच थांबला. मुलीनं ते पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला आणि ती बोलायला लागली.

त्या खोलीत कॉपी पकडायचं काम माझं होतं. जुडगा माझ्या कमरेला होता. मी तो मुठीत गच्च धरला, वाजू नये म्हणून, आणि खिडकीबाहेर बघत बसले.