सुभेदारांचा एकशे एकोणिसावा अर्ज

माझ्या आत्याच्या नवऱ्याचा सरकारवर जेवढा विश्वास होता तेवढा खुद्द सरकारचाही स्वतःवर नसेल. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, म्हणून मी मामा म्हणायचो. बाकी सगळा गाव त्यांना सुभेदार म्हणे. सव्वीस वर्षं पलटणीत काढून ते रहिमतपूरच्या बाजूच्या आपल्या गावी परतले ते एक काळी ट्रंक आणि एक ठाम समजूत घेऊन. समजूत अशी, की या जगात जे काही वाकडं आहे ते केवळ योग्य नमुन्यात अर्ज न केल्यामुळे वाकडं राहिलेलं आहे. ट्रंकेत कार्बन पेपर, टाचण्या, जांभळ्या कॉपिंग पेन्सिली आणि अंगठे उठवायची शाईची डबी. त्या ट्रंकेला हात लावायची आत्याची टाप नव्हती.

एस.टी. उशिरा येते म्हणून तक्रार करणारे ढिगानं सापडतील. मामांनी ती सात मिनिटं लवकर सुटते म्हणून अर्ज केला होता. "येळेआधी जागा सोडणं म्हंजे पळून जाणं. पलटणीत कोर्टमार्शल हुतंय त्याला!" आत्याला माहेरी यायचं असलं तरी अर्ज लागायचा. आत्याला अक्षरओळख नाही. ती तोंडानं सांगायची, मामा लिहायचे, तिचा अंगठा घ्यायचे आणि खाली स्वतःच 'मंजूर' लिहायचे. एकदा भर सुगीत त्यांनी 'नामंजूर' लिहिलं, तर आत्या सरळ गाठोडं उचलून आमच्याकडे चालती झाली, आणि तिसऱ्या दिवशी हे मंजुरीचा कागद घेऊन दारात हजर. माझ्या लग्नात दुसरी पंगत बसायला तासभर उशीर झाला. मामांनी मांडवातच कागद काढला आणि माझ्या सासऱ्यांच्या हातात अर्ज ठेवला, विषय: दुसऱ्या पंगतीस झालेल्या विलंबाबाबत. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सासरे बिचारे शाळामास्तर. त्यांनी त्यावरच 'दिलगीर आहे' असं लिहून सही ठोकली. मामा खूश. मला बाजूला घेऊन म्हणाले, "माणूस कायद्याचा हाय. पोरगी चांगली निघंल."

या अर्जविद्येचे दोन नियम होते आणि ते मामा प्राणापलीकडे पाळत. पहिला, तक्रार कोणाविरुद्धही असो, ती आपल्या लगतच्या साहेबाच्याच हातात द्यायची. साहेबाविरुद्ध असली तरी साहेबाच्याच. पाठीमागून वर कळवणारा तो चुगलखोर. दुसरा नियम याहून तिरपागडा. दहा जणांनी मिळून एका कागदावर सह्या केल्या की मामांच्या लेखी तो अर्ज उरतच नसे. "ते बंड झालं, बंड! पलटणीत अशानं आख्खी कंपनी आत जाती. ज्याचं दुखणं त्यानं आपल्या कागदावर लिवावं." गावात रस्त्यासाठी, रॉकेलसाठी सामुदायिक अर्ज निघायचे, त्यांवर मामांची सही कधी नसायची. लोक हसायचे, मीही हसायचो. मी तेव्हा साताऱ्याला कलेक्टर कचेरीत आवकच्या टेबलावर कारकून होतो, आणि रोज शेकड्यानं अर्ज पाहत असल्यामुळे अर्जाचं पुढं काय होतं हे मला मामांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. एका सकाळी गावच्या पाणी सोसायटीची नदीवरची मोटर जागेवर दिसेना. ठाण्याला वर्दी गेली. ठाणं कुठलं ते मी सांगणार नाही. दुपारी गाडी आली आणि शंकर पाटकऱ्याला घेऊन गेली. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी पाळीपाळीनं ज्याच्या त्याच्या वावरात सोडणारा माणूस. शंकर चाळिशीचा, घरात बायको आणि तीन पोरी, आणि नदीवर त्याचं रोज जाणं-येणं, एवढाच त्याचा गुन्हा. चौथ्या दिवशी त्यानं कबूल केलं, की मोटर मीच काढली आणि डोहात टाकली. मग गावातले पोहणारे डोहात उतरवले. दोन दिवस बुड्या मारमारून त्यांचे डोळे लाल झाले, मोटर काही लागेना. आणि तिसऱ्या दिवशी सांगलीहून एक ट्रक आला, त्यात मोटर! नवं वाइंडिंग करून, रंगबिंग लावून. सोसायटीच्या सेक्रेटरीनं ती दुरुस्तीला पाठवली होती आणि कुणाला न सांगता तो फलटणला बहिणीच्या लग्नाला निघून गेला होता.

मी आठवड्याची रजा काढून आत्याकडे आलो होतो. मला हे तिच्या तोंडून कळलं तेव्हा पहिल्यांदा हसूच फुटलं. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. चोरी झालीच नव्हती, आणि शंकरनं ती कबूल केली होती. न झालेली चोरी कबूल करायला माणसाला काय काय करावं लागत असेल? ते दुसऱ्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं. त्याला बैलगाडीतून आणला होता. तळपाय असे सुजलेले, की ते माणसाचे वाटत नव्हते. हात मागं बांधून वर टांगल्यामुळे दोन्ही खांदे गेले होते. भाकरीचा तुकडा बायको भरवत होती. मामा त्याच्या उंबऱ्यात उभे राहिले. शंकरनं राम राम करायला हात उचलायचा प्रयत्न केला, तो छातीपर्यंतही आला नाही. शत्रूच्या गोळीबाराच्या गोष्टी हसतहसत सांगणारे आमचे मामा भिंतीला धरून खाली बसले.

गाव पेटलं होतं. सरपंच म्हणाले, एक जंगी अर्ज करू, सगळ्यांच्या सह्या घेऊ. पण पहिली सही कुणाची यावर तिथंच तास गेला. पहिला धरला जातो हे सगळ्यांना ठाऊक. मामा उठले. "बंड करायचं न्हाई. एकेकानं लिवायचं. ज्यानं जे डोळ्यानं बघितलंय तेवढंच. ऐकीव एक अक्षर चालायचं न्हाई." आणि मग तीन दिवस मामा देवळाच्या ओवरीत ट्रंक घेऊन बसले. ज्यांना लिहिता येत होतं ते लिहीत, बाकीचे सांगत आणि मामा त्यांच्याच शब्दांत उतरून घेत. गवळ्याच्या सुनेचा अर्ज दोन ओळींचा: "मी दूध घालाय गेलते. गाडीतनं उतरीवला तवा त्याचं पाय भुईला टेकत न्हवतं." न्हाव्याचा: "दाढी कराय बोलीवला. त्यानं मान वळीवली न्हाई, डोळ्यातनं पाणी आलं." ठाण्यासमोर गुऱ्हाळाची काहील उतरवायला थांबलेल्या गड्यानं लिहून दिलं, की आतून आवाज येत होता आणि आमची बैलं बुजली. एकशे अठरा अर्ज झाले, प्रत्येकाची कार्बनची नक्कल वेगळी.

इथवर मला मामांचा अभिमान वाटत होता. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "चल, देऊन येऊ," आणि मी सायकलवर मागं बसलो. मला वाटलं पोस्टात जाणार. मामांनी सायकल लावली ती थेट ठाण्याच्या दारात! मी त्यांची बाही ओढली, "आवं मामा, कुठं चाललाय?" ते म्हणाले, "लगतच्या साहेबाकडं." फौजदार गोरागोमटा, हसतमुख माणूस. त्यानं वरचे चार-पाच अर्ज वाचले आणि मान वर केली. "सुभेदार, हे तर माझ्याच विरुद्ध आहेत."

"व्हय साहेब."

"आणि मलाच देताय?"

"मग कुणाला देऊ? तुमच्या माघारी तुमची कागाळी करू? असली हलकी कामं आपण न्हाई केली. वर धाडा, आणि नकलांवर पोच द्या."

फौजदार खदखदून हसला. हवालदाराला म्हणाला, "मार रे शिक्के. म्हाताऱ्याची हौस भागव." एकशे अठरा वेळा शिक्का आपटला गेला. तो आवाज मला अजून आठवतो. परतताना मामा शीळ घालत होते आणि मी मागं बसून मनाशी यादी करत होतो. कोणी काय पाहिलं, कोणी काय सांगितलं, नावागावासकट, अंगठ्यासकट, सारं काही मामांनी नेमकं त्याच माणसाच्या टेबलावर नेऊन ठेवलं होतं.

पुढच्या आठवड्यापासून एकेकाला ठाण्यातून बोलावणी सुरू झाली. चहा पाजायचे, पोराबाळांची चौकशी करायचे, आणि शंकरला ज्या खोलीत ठेवलं होतं ती नुसती दाखवायचे. बावीस जणांनी 'आमचा अंगठा फसवून घेतला' असं लिहून दिलं. लोक मामांना पाहून रस्ता बदलायला लागले. शंकरच्या बायकोनं भर चावडीत त्यांना गाठलं. "आवं सुभेदार, काय केलंसा हे? गावाचा गाव बांधून दिलासा त्याच्या हातात! आता माझ्या मालकाच्या बाजूनं कोण उभं ऱ्हाईल?" मामा घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत, पण शंकरच्या दारातली रोजची फेरी काही चुकवली नाही. रविवारी मी गेलो आणि रागारागानं विचारलं, की तुम्हाला एवढंही कळलं नाही का? तर खाली मान घालून म्हणाले, "मला वाटलं, साहेब वाचंल. वाचून लाजंल. आमचं साहेब लाजायचं रं."

महिना उलटला, वर काहीच गेलं नाही. लगतच्या साहेबानं तीस दिवसांत दखल घेतली नाही की त्याच्या वरच्याकडे जायची मुभा मामांच्या नियमात होती. एकतिसाव्या दिवशी ते साताऱ्याला माझ्याच टेबलासमोर ट्रंक घेऊन उभे! मी ओळख दाखवली नाही. नोकरी दोन वर्षांची, घरात तान्हं मूल. हेडक्लार्क चष्म्यावरून बघून मला म्हणाले, "एकच विषय आहे ना? एकच आवक नंबर टाका आणि सगळे एकत्र टाचा." एका नंबरची एक फाइल होते, आणि एक फाइल झोपवायला कुठलंही कपाट पुरतं. मामा म्हणाले, "ज्याचा त्याचा अर्ज येगळा, पोच येगळी." मी टाचणी हातात घेतली. खोटं कशाला बोलू, मी टाचणारच होतो. गठ्ठा सारखा करताना सगळ्यांत खालचा कागद बाहेर आला. त्याच्यावर ठाण्याचा शिक्का नव्हता. तो एकशे एकोणिसावा होता, मामांच्या अक्षरात, आणि 'मार्फत' या शब्दापुढे, जिथं लगतच्या साहेबाचं नाव येतं तिथं, लिहिलं होतं: स्वतः.

"अर्जदाराने डोळ्यांनी पाहिले ते असे. शंकरला गाडीत घालताना अर्जदार आपल्या ओट्यावर बसला होता. शंकर मोठ्याने म्हणाला, सुभेदार, तुमी सांगा की यास्नी, तुमचं ऐकतील. अर्जदार म्हणाला, सरकारी काम आहे, मुकाट्याने जा. अर्जदाराचा शब्द त्या दिवशी चालला असता. सबब अर्जदारावरही योग्य ती कारवाई व्हावी."

मी वर पाहिलं. मामा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मी टाचणी ठेवून दिली आणि पहिल्या अर्जावर पहिला नंबर टाकला, दुसऱ्यावर दुसरा. हेडक्लार्क तडतडले, मी ऐकलं नाही. माझ्या आयुष्यातलं शौर्य म्हणाल तर एवढंच.

एवढे नंबर पडले की एवढी उत्तरं द्यावी लागतात. दोन महिन्यांनी चौकशीला प्रांतसाहेब गावच्या शाळेत येऊन बसले. फौजदार म्हणाला, माझ्याकडे कधीच कोणाची तक्रार आली नव्हती, हे सगळं मागाहून रचलंय. मामांनी फाइलीतल्या नकलांवरचे एकशे अठरा शिक्के प्रांतसाहेबांना दाखवले. अर्ज वेगळे, म्हणून माणसंही एकेकटी आत बोलवावी लागली, दार लावून. कोण काय बोललं हे दुसऱ्याला कळायचं कारण नाही. मागं फिरलेल्या बावीसांपैकी सोळा जण आत जाऊन पुन्हा खरं बोलले. फौजदार निलंबित झाला, खटला उभा राहिला आणि वर्षानुवर्षं चालला. त्याची हकिकत मी सांगत बसत नाही. ती ऐकून शंकरचे खांदे जागेवर येणार नाहीत. शंकर निर्दोष असल्याचं मात्र सरकारनं कागदावर लिहून दिलं, आणि तो कागद त्याच्या बायकोनं देव्हाऱ्यात ठेवला.

चौकशीनंतर दोनेक महिन्यांनी पोस्टमन पाकिटांचा गठ्ठाच घेऊन आला. मामांच्या पाकिटात लिहिलं होतं: "आपल्याविरुद्ध कारवाई करण्याची तरतूद आढळून येत नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे." कोणीही सुटकेचा श्वास टाकला असता. मामा संतापले. "तरतूद न्हाई म्हंजे? मग ह्याच्या वरचा साहेब कोण?" मी म्हटलं, आता सोडा. त्यांनी सोडलं नाही. मला घेऊन शंकरच्या घरी गेले. तो दारात उन्हाला बसला होता. मामा त्याच्यासमोर पाय जुळवून, छाती काढून उभे राहिले आणि आपला अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. 'मुकाट्याने जा' हे शब्दही त्यांनी गाळले नाहीत.

शंकर ऐकत होता. वाचून संपलं. मग तो म्हणाला, "ह्यात मला नवं काय हाय, सुभेदार? मी तितंच हुतो की. तुमी सगळ्या गावाचं लिवून घेतलंसा. म्हटलं, सोताचं लिवत्यात का न्हाई ते बघू." आणि आत वळून बायकोला चहा टाकायला सांगितला.

चहा पिऊन आम्ही निघालो. पाटाच्या कडेनं मामा पुढं चालत होते. पुलाशी आल्यावर थांबले, टोपी काढली, पुन्हा घातली. "सा म्हैनं," ते म्हणाले, "सा म्हैनं मी रोज त्याच्या दारात जात हुतो, आन् तो रोज मला 'या बसा' म्हणत हुता रं."