कुजबुजणारा जनरल

हॅनोव्हरमध्ये मी ज्या जनरलची भूमिका करायचो, त्याला ओरडायची बंदी होती. जनरल म्हटला की तो गरजला पाहिजे, त्याच्या आवाजानं कपबशा हलल्या पाहिजेत. माझा जनरल मात्र घशातल्या घशात हुकूम सोडायचा, कारण रविवारी दुपारी जर्मन लोकांची रूहेत्साइट असते. म्हणजे शांततेची वेळ. त्या वेळात बागेत गवत कापायचं नाही, खिळा ठोकायचा नाही आणि युद्धही पुकारायचं नाही. एकदा माझा आवाज जरा चढला, तर कुंपणापलीकडच्या बाईंनी काठीनं फळी ठोकली आणि पाकिस्तानच्या पूर्व विभागाचं अख्खं सैन्य गप्प बसलं.

बाग दादांची होती. शहराच्या कडेला ट्रॅम संपते तिथे महापालिकेनं लोकांना भाड्यानं दिलेल्या छोट्या बागा आहेत, त्यातली एक. दादा मूळचे ढाक्याचे. ढाका पाकिस्तानात होतं तेव्हा ते इंजिनिअरिंग शिकायला इथे आले आणि परत जायच्या आधीच त्यांचा देश बदलला. मग ते गेलेच नाहीत. आता निवृत्त होते आणि जर्मन मातीत दुधी पिकवायचा हट्ट करत होते. दुधी मुठीएवढा व्हायचा आणि दादा त्याची भाजी करून आम्हाला वाढायचे.

आम्हाला म्हणजे मला आणि कॅप्टनसाहेबांना. कॅप्टनसाहेब कराचीचे. एकाहत्तर साली ते ढाक्याच्या लष्करी कचेरीत टेलिफोनवर होते, तिथेच शरण गेले, मग आमच्या देशात कैदी म्हणून राहिले. त्या छावणीतल्या डाळीला ते नावं ठेवायचे आणि चूक माझी, अशा नजरेनं माझ्याकडे बघायचे. म्हातारपणी मुलीकडे हॅनोव्हरला आले होते. तिसरा मी, पुण्याचा, गिअरबॉक्सच्या कारखान्यात नोकरी आणि जन्मापासून हौशी नाटकवाला. एक देश दोन तुकड्यांत जन्माला आला होता आणि मधे आमचा अख्खा देश आडवा पडला होता. म्हणून मधली खुर्ची माझी, असं कॅप्टनसाहेबांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

आम्ही स्काट खेळायचो. हा जर्मन पत्त्यांचा खेळ तिघांचाच. बोली लागते, जो जिंकेल तो एकटा आणि उरलेले दोघे त्याच्या विरुद्ध. पुढच्या डावाला एकटा दुसराच कुणी.

"एवढं आमच्या पुढाऱ्यांना कुणी शिकवलं असतं," दादा पत्ते पिसताना म्हणायचे. "आज ज्याला दोघं मिळून पाडतोय, तो पुढच्या डावाला आपला जोडीदार असतो."

"तुमचा पुढारी बोली जिंकला होता, दादा," कॅप्टनसाहेब म्हणायचे. "आमच्या साहेबांनी त्याला पत्तेच उचलू दिले नाहीत."

"कबूल केलंत. आता चहा गाळा."

बोलायचो ती हिंदी, उर्दू आणि जर्मनची खिचडी. दर वाक्याला दादांचं 'गेनाऊ' असायचं, म्हणजे 'अगदी बरोबर'. इथे मी ती मराठीत वाढतोय.

डाव संपला की फर्माईश व्हायची. माझ्याकडे चार पात्रं होती. पहिलं पात्र राष्ट्राध्यक्ष झालेले जनरल, त्यांच्या भुवया आणि हातातला पेला. दुसरा पश्चिमेचा जमीनदार पुढारी, झकास सूट घालून भर सभेत कागद फाडणारा. तिसरा पूर्वेचा पुढारी, निवडणूक जिंकून बोलावण्याची वाट बघणारा. त्याच्या पाइपसाठी मी दादांच्या पाण्याच्या नळीचं तोंड वापरायचो. या तिघांना मी लहानपणी आकाशवाणीवर आणि मोठ्यांच्या बोलण्यात ऐकलं होतं. तेव्हा आमच्या खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावले होते आणि कागदाच्या कडेनं डोकावल्याबद्दल मी मार खाल्ला होता.

चौथा होता ढाक्यातला सेनापती. त्याचा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. तो मला कॅप्टनसाहेबांनी शिकवला.

"हनुवटी वर, मियाँ. तो माणसाकडे बघत नसे, माणसाच्या टोपीकडे बघे. आणि आधी घाणेरडा विनोद, मग हुकूम."

"आणि तुम्ही काय करायचात?"

"उभा राहायचो. फोनवर असला तरी उभं राहूनच बोलायचं."

"फोनवर त्याला काय दिसणार?"

"आवाजात कळतं, बसलेला माणूस." मग ते मिशीतल्या मिशीत हसायचे. "रिपोर्ट मागितला की उत्तर एकच. सब ठीक है, सर. पूल उडालाय? सब ठीक है, सर. रसद संपलीय? सब ठीक है, सर. तो हेच वर कळवायचा, वरचा त्याच्या वर."

हे ऐकून दादा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. मीही ते पाणी हसण्याचंच समजत होतो.

एका वसंतात, ट्रॅमची वाट बघताना, दादांनी मला सांगितलं. त्यांचा थोरला भाऊ ढाक्याला कॉलेजात शिकवायचा. युद्ध संपायला थोडे दिवस असताना, कर्फ्यूत, घरासमोर गाडी थांबली. थोडं काम आहे, लगेच सोडतो, असं सांगून त्याला घरच्या चपलांवरच नेलं. पुन्हा तो दिसला नाही. प्रेतही नाही. दादा तेव्हा इथे, जर्मनीत, परीक्षा देत होते.

"कॅप्टन त्या कचेरीत होता," दादा म्हणाले. "फोन त्याच्या हातातून जायचे. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"आणि तुम्ही विचारलं नाहीत?"

"हो म्हणाला तर मी पत्ते कुणाशी खेळू? नाही म्हणाला तर माझा विश्वास बसणार नाही." ट्रॅम आली, पण ते चढले नाहीत. "तरी मरायच्या आधी विचारणार आहे. भावाला कुठे नेलं, एवढंच."

त्यानंतर माझं त्या बागेत लक्षच लागेना. मी पात्रं करायचो आणि डोळा दादांवर ठेवायचो. ते दर रविवारी विचारायच्या बेतानं यायचे, दुधी वाढायचे आणि ट्रॅमनं घरी जायचे. आणि त्याच उन्हाळ्यात कॅप्टनसाहेब विसरायला लागले. आधी बोली विसरले, मग एकटे कोण आणि जोडीदार कोण. मला कधी मेजरसाहेब म्हणायचे, कधी दूधवाला. डॉक्टरांनी त्या आजाराला नाव दिलं आणि मुलीनं नोव्हेंबरात त्यांना कराचीला तिच्या काकांकडे पोचवायचं ठरवलं. तिकीट काढलं गेलं. दादांनी ते ऐकलं आणि त्या दिवशी त्यांच्या हातून चहात दोनदा साखर पडली.

शेवटचा रविवार आला तेव्हा बागा ओस पडल्या होत्या. हिवाळ्यासाठी नळ बंद केलेले, हिवाळ्याच्या वेळेप्रमाणे घड्याळं तासभर मागे घेतलेली, दुपारीच संध्याकाळ झालेली. पलीकडच्या बाई मुलाकडे निघून गेल्या होत्या. लाकडी खोपटात आम्ही कोट घालूनच बसलो. कॅप्टनसाहेबांनी पत्ते आमच्याकडे तोंड करून धरले होते, आणि ते आम्हाला दिसतायत हे आम्ही दोघांनीही दिसू दिलं नाही.

"आज आजूबाजूला कुणी नाही," दादा मला म्हणाले. "सेनापती मोठ्यानं कर. ह्याला एकदा पुरता ऐकू दे."

मी नाटकवाला माणूस. इतकी वर्षं कोंडलेला तो आवाज. मी उभा राहिलो, हनुवटी वर केली, कॅप्टनसाहेबांच्या लोकरी टोपीवर नजर लावली आणि पोटातून हाक मारली, "कॅप्टन."

कॅप्टनसाहेब उभे राहिले.

खुर्ची मागे पडली. पत्ते जमिनीवर पांगले. हात कपाळाशी, टाचा जुळलेल्या, आणि ज्या डोळ्यांनी महिनाभरात मला ओळखलं नव्हतं, ते आता मला नीट ओळखत होते. मी हसलो. एकटाच हसलो.

"विचार," दादा म्हणाले.

"काय?"

"तुला माहीत आहे काय. तुला सांगेल तो. मला नाही सांगणार."

मी नकारार्थी मान हलवली. दादा माझ्याकडे बघत राहिले. असा प्रेक्षक मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही आणि मिळू नये. मी हनुवटी वर केली.

"कॅप्टन. कॉलेजातल्या प्राध्यापकाला कर्फ्यूत उचललं. घरच्या चपलांवर. कुठे नेलं त्याला?"

कॅप्टनसाहेबांचा जबडा हलला. काहीतरी शोधत असावेत, किंवा थंडीनं हलला असेल.

"सब ठीक है, सर."

"परत," दादा म्हणाले.

मी परत विचारलं. तेच उत्तर आलं, पहिल्याइतकंच खणखणीत. मग दादा स्वतः उठले, त्यांच्या तोंडासमोर गेले आणि बंगालीत बोलले. त्यात भावाचं नाव होतं, एवढंच मला कळलं. कॅप्टनसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते माझ्या हुकमाची वाट बघत होते.

दादा खुर्चीवर बसले. कॅप्टनसाहेब अजून तसेच उभे होते, कपाळाचा हात खाली येईना. मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, "बसा ना, साहेब." ते बसले नाहीत.

"त्या आवाजात सांग," दादा म्हणाले. "तो विमानात बसून गेला, ह्याला खाली बसायला सांगितलंच नाही कुणी."

सेनापती विमानात बसून वगैरे गेला नव्हता, तोही ह्यांच्यासारखाच शरण गेला होता, हे दादांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी दुरुस्ती केली नाही. पोटातला आवाज काढला आणि सांगितलं, "कॅप्टन, तुमची ड्यूटी संपली. बसा."

दादांनी पडलेली खुर्ची उचलून त्यांच्यामागे धरली. कॅप्टनसाहेब बसले आणि त्यांनी श्वास सोडला. मग पत्ते कुठे गेले म्हणून टेबलावर हात फिरवू लागले. दादांनी ते वेचले, पिसले, वाटले.

"बोली कुणाची?" कॅप्टनसाहेबांनी विचारलं.

"तुमची."

"अठरा."

अठरा म्हणजे स्काटमधली सगळ्यात लहान बोली. दादांनी हातातले पत्ते उघडून बघितले. किलवरचा गुलाम मला कडेनं दिसला आणि त्याच्या शेजारी इस्पिकचा. स्काटमध्ये याहून मोठे पत्ते नाहीत.

"पास," दादा म्हणाले.