हाताला गार, काट्याला गरम

तीन आठवड्यांपूर्वी उम्म सलाल मोहम्मद गावाच्या अलीकडे एका औषधांच्या लॅबमध्ये मी अकरा ते तीन नुसता बसून होतो. खुर्चीत... गप्प... मी. ओळखीचे लोक हसतील, हसू दे.

नवीन मंडळींना सांगतो. मी आठवी पास, वजनकाटे तपासायचं काम करतो. तीस वर्षं झाली, त्यातली बावीस इथे कतारमध्ये. आपली वजनं काट्यावर ठेवायची, चुकत असेल तर सेट करायचा, सही घ्यायची, यल्ला, पुढचं गिऱ्हाईक.

पण ह्या उन्हाळ्यात त्या लॅबच्या बारीक काट्याची तीनदा तक्रार आली. मी सेट करून यायचो आणि आठवड्यात परत फोन. आमचा मॅनेजर मल्याळी, पोरगा चांगला आहे, पण म्हणाला, "अंकल, बहुत साल हो गया. अब घर जाके आराम करो." चौथी तक्रार आली की मिरजेचं तिकीट, हे त्याने सांगायची गरजच नव्हती.

यंदापासून कंपनीने वजनं व्हॅनमध्येच ठेवायला सांगितलीत, वेळ वाचतो म्हणून. व्हॅन कशी तापते ते इथल्यांना माहितीय. लॅबमध्ये गेल्यावर वजनं खोलीच्या गारव्याला येऊ द्यायची असा नियम आहे, पण मला ती थेरं वाटायची. मी अर्धा तास थांबायचो, पेटीला हात लावायचो... गार लागली की खलास, वजनं काट्यावर.

त्या दिवशीही तेच केलं. तर कोपऱ्यात विणत बसलेली एक बाई उठली आणि माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवून म्हणाली, "नो. वेट."

लॅबमधून तक्रार करणाऱ्या एलेना मॅडमची ही आई, मोल्दोव्हाहून लेकीकडे आलेली. मला राग आला. म्हटलं, मॅडम, थर्टी इयर्स. त्यांनी स्वतःकडे बोट दाखवलं, "थर्टी फोर." बाई त्यांच्या देशाच्या वजनमाप ऑफिसातल्या निघाल्या. मी खुर्ची ओढली.

त्यांनी चिमट्याने एकेक वजन काढून टेबलावर मांडलं, वर काचेचं झाकण घातलं आणि परत विणायला घेतलं. आमचं दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून बरं जमलं.

बाई सांगत होत्या, त्यांच्या देशाला युरोपियन युनियनमध्ये जायचंय. त्यासाठी आधीच आत असलेल्या देशातलं तसलंच ऑफिस ह्यांच्या ऑफिसला जोडून देतात. तिकडचा माणूस येऊन शेजारी बसतो, दोन्हीकडचं काम सारखं होईपर्यंत.

ह्यांच्याकडे लिथुआनियाचा एक जण आला. वाटलं होतं मोठी मशिनं आणेल, तर त्याने खिशातून थर्मामीटर काढला आणि बसायला खुर्ची मागितली. वजनं मांडायची आणि सकाळभर गप्प. बाईंनीही जन्मभर पेटीलाच हात लावलेला... दोन महिने त्याच्याशी बोलल्या नाहीत म्हणे. आता तो दर हिवाळ्यात मध पाठवतो.

गरम वजनाभोवतीची हवा वर जाते आणि जाताना वजनाला किंचित उचलते. डोळ्याला दिसत नाही, हाताला कळत नाही. काट्याला कळतं.

एसीची घरघर, सुयांची टिकटिक, काचेखाली एक किलोपासून एक ग्रॅमपर्यंत वजनं ओळीने... पंगतीला बसल्यासारखी. बाहेर उन्हाने सगळं पांढरं झालं होतं, रस्ता कुठे संपतो आणि आभाळ कुठे लागतं ते कळेना.

माझा डोळा लागला असावा. मिरजेला आमच्या मागच्या दारी बसलोय, बायको डाळ निवडतेय, कुणालाच कसली घाई नाही, असं काहीतरी... जागा झालो तेव्हा क्षणभर कुठल्या देशात आहे तेच उमजेना. बाईंचं विणकाम चार बोटं वाढलं होतं.

मी विचारलं, मग झाला का तुमचा देश आत? त्यांनी वजनांकडे बघितलं. म्हणाल्या, अजून टेबलावरच आहोत.

तीन वाजता एलेना मॅडमसमोर काट्यावर वजन ठेवलं. माझंच मागचं सेटिंग चुकलेलं दिसलं, अगदी धुळीच्या कणाएवढं, पण चुकलेलं. बाईंनी लेकीकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. फक्त चिमटा माझ्या हातात दिला.

मी काटा नव्याने सेट केला. कागदावर लागलेला वेळ लिहिला, चार तास. मॅनेजरला फोन करून सांगितलं की वजनं व्हॅनमध्ये राहणार नाहीत, आणि चूक माझी होती हेही सांगितलं. तो म्हणाला, "चार घंटा, अंकल?" म्हटलं हो, चार घंटा.

चौथी तक्रार आली नाही. तिकिटाचा विषयही परत निघाला नाही.

काल एलेना मॅडमचा मेसेज आला. बाई परत गेल्यात, त्यांचं ऑफिस सुरू झालंय. आई विचारते, अंकल अजून बसतात का?

म्हटलं, सांगा त्यांना... बसतो.