सुधाकरदादांची रविवारची दुरुस्ती

सुधाकरदादा गेल्याचं मला तलासरीच्या स्टँडवर कळलं. शाळेत जायला बसमधून उतरले आणि वहिनींच्या भावाचा फोन आला. "ताई, दादा गेले... झोपेतच." मी तिथल्या बाकावर बसून लोकांदेखत हमसाहमशी रडले. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटायचं, हिला त्या माणसाचं काहीच नव्हतं. पेपरवाले पुरवणीसाठी दादांवर चार चांगले शब्द लिहा म्हणाले, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. तोवर लॅबची वही मी उघडली नव्हती.

आमची ओळख २०१४ सालची, डहाणूच्या कॉम्प्युटर क्लासमधली. मी शिकायला, ते शिकवायला. पुढे तलासरीजवळच्या एका निवासी शाळेत मी मुलींना कॉम्प्युटर शिकवू लागले आणि तिथल्या दहा मशीन दादांनीच उभ्या केल्या. दर महिन्याला एका रविवारी डहाणूहून यायचे, येताना पिशवीभर चिकू. दारातूनच विचारायचे, "काय मास्तरीणबाई, आज मशीन रुसलीय की तुम्ही?" मला सख्खा भाऊ नाही, त्यामुळे राखी त्यांनाच बांधत आले. माझं लॅबमधलं अर्धं ज्ञान त्यांचं, आणि आत्मविश्वास तर सगळाच त्यांचा.

आता चूक सांगते. कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक फाईलला परवानगी लावलेली असते... कोणी वाचायची, कोणी बदलायची. सुरुवातीला मुलींचं काम सेव्ह होत नसे, की मी दादांना फोन करणार आणि ते दोन गाड्या बदलून येणार. कंटाळून एकदा त्यांनी सरसकट सगळ्या फायली सगळ्यांना मोकळ्या केल्या. मी म्हटलं, असं चालतं का? तर हसले. "इथल्या पाड्यांवर घराला कुलूप लावणारा एक माणूस दाखवा मला. नुसती दोरी अडकवून लोक दिवसभर शेतावर जातात." मला ते पटलं. पण त्या मोकळ्या फायलींत मशीन चालू ठेवणाऱ्या फायलीही होत्या. त्यातली एखादी ओळ कुणी चुकून खोडली, की मशीन धाडकन बंद. आठवड्यातून दोन-तीनदा व्हायचं, आणि मी विजेला शिव्या घालायचे.

हे ओळखलं ते नववीतल्या सविताने. २०१६ साल असावं. दादा आले होते, लॅबमध्ये मुली होत्या. ती उठून म्हणाली, "सर, ही फाईल मला बदलता यायला नको ना? पण येते. हे बघा." तिने एक ओळ खोडली आणि पाच नंबरची मशीन सगळ्यांसमोर बंद पडली. दादा म्हणाले, "हुशार आहेस गं." पुढच्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी दादांना मुद्दाम बोलावून विचारलं, मशीन सारख्या का पडतात? दादांनी शांतपणे सांगितलं, "एक पोरगी नको त्या फायलींत हात घालते." माझ्याकडे बघून विचारलं, "हो ना ताई? तुमच्यासमोरच पाडली." मी मान डोलावली. दादा म्हणतात म्हणजे तसंच असणार, एवढाच माझा विचार. सविताला लॅब बंद झाली, आणि तशी सूचना तिच्या पूर्ण नावानिशी शाळेच्या फळ्यावर लिहिली गेली. कॉम्प्युटरच्या परीक्षेला तिला बसू दिलं नाही. ती रडत माझ्याकडे आली, तर मीच तिला चार शब्द सुनावले. आणि खरंच, त्यानंतर मशीन पडायच्या थांबल्या. मी स्टाफरूममध्ये म्हणालेसुद्धा, बघा, पोरगी हटली आणि त्रास संपला.

दादा गेल्यावर नवीन दुरुस्तीवाला आला, त्याने आधीच्या कामांची नोंद मागितली. दर भेटीनंतर दादा वहीत काय केलं ते लिहायचे आणि मी खाली सही करायचे. पानं उलटताना सविताला लॅबमधून काढल्यानंतरचा दादांचा पहिला रविवार आला. दादांचं सुवाच्य अक्षर : 'फायलींच्या परवानग्या चुकीने सर्वांना खुल्या होत्या. दुरुस्त केल्या.' खाली माझी सही. पेपर तपासता तपासता, न वाचता केलेली. या माणसाने चूक गुपचूप सुधारली, आणि त्या सुधारण्यालाच पोरीच्या गुन्ह्याचा पुरावा होऊ दिलं. तीन राख्या बांधून घेतल्या त्यानंतर माझ्याकडून, एका शब्दाने बोलले नाहीत. माझा राग अजून गेलेला नाही, आणि मेलेल्या माणसावर रागावू नये हे मला कुणी शिकवू नये.

वही घेऊन मी सविताच्या घरी गेले, उधव्याच्या पुढच्या पाड्यावर. दहावीनंतर शिक्षण सोडून ती उंबरगावला एका कंपनीत पॅकिंगला जाते. तिने खाट टाकली, पाणी दिलं. मी वही उघडून ते पान पुढे केलं. तिने वाचलं नाही.

"मला माहीत आहे, मॅडम. सर आले होते इथे. तेव्हाच, पंधरा दिवसांत. माझ्या आईच्या पाया पडले."

मी विचारलं, "मग तू शाळेत का नाही बोललीस?"

"सर म्हणाले, मी खरं ते वहीत लिहून दिलंय, मॅडमनी सही केलीय. आता त्या बघतील..." तिने वही माझ्याकडे सरकवली. "मी वाट बघितली तुमची. मग कळलं, मॅडमना सगळं माहीत आहे आणि तरी त्या गप्प आहेत."

तीन वर्षं ती असं समजत होती. मी तिला सांगितलं, सही न वाचता केली होती. तिने मान हलवली. विश्वास बसला की नाही, कळलं नाही. निघताना मी विचारलं, मी पेपरमध्ये लिहिणार आहे, तुझं नाव घालू का?

"पूर्ण घाला," ती म्हणाली. "फळ्यावर पूर्णच लिहिलं होतं."

सविता नवशा धोडी. मशीन तिने बिघडवल्या नव्हत्या.