बोलोन्याची तालीम बडनेऱ्याला

तीस वर्षं अकोल्यात पोरांना भूगोल शिकवला. इटलीचा नकाशा फळ्यावर डोळे मिटून काढायचो, पण स्वतः नागपूरच्या पलीकडे क्वचितच गेलो. निवृत्त झाल्यावर बायको म्हणाली, आता तो देश दाखवा. मी दोनशे पानी वही आणली आणि मिलान, व्हेरोना, फ्लॉरेन्स, रोम असा आगगाडीचा बेत आखला.

घोडं अडलं बोलोन्याला. तिथे गाडी बदलायला अकरा मिनिटं. बायकोचे गुडघे दुखतात. जिना दिसला की ती आधी त्याच्याकडे रागाने बघून घेते. मी म्हटलं, त्यापेक्षा टूरवाल्यांबरोबर जाऊ. चाळीस माणसं, बस, रोज वरणभात. तिचं तोंड उतरलं. लग्नानंतर आम्ही चिखलदऱ्याला गेलो तेव्हा सोबत माझी आई आणि आत्या होत्या, आणि पुढच्या प्रत्येक प्रवासाला कोणी ना कोणी होतंच. तिला एकदा दोघांनीच जायचं होतं. पस्तीस वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली. मला वाईट वाटलं, पण मास्तर तो मास्तर. मी परीक्षा ठेवली.

अकोल्याहून बडनेऱ्याला जायचं, तिथे पूल चढून अमरावतीची गाडी पकडायची. अकरा मिनिटांत जमलं तर आपण दोघंच, नाही तर टूर. वजन खरं हवं म्हणून दोन्ही बॅगांत तुरीची डाळ भरली. ती अमरावतीला माझ्या बहिणीकडे उतरवायची होती. वहीत नियम लिहायलाही बसलो होतो, पण एकाच नियमावर थांबलो: सामान सोडून जागचं हलू नये.

मूर्तिजापूरला गाडी थांबली आणि मी खाली उतरलो. गाडी थांबली की पुरुषाने उतरायचं, हे आमच्या घरात वडिलांपासून चालत आलंय. त्यात नियम मोडतोय असं मनातही आलं नाही. भजेवाला म्हणाला, "दोन मिनिटं थांबा काका, गरम निघून राहिले." मी थांबलो. गाडी थांबली नाही.

फोन घरीच चार्जिंगला राहिला होता. भजेवाल्याने स्वतःचा दिला, तर बायकोचा नंबर मला पाठ नाही. इटलीतल्या पो नदीच्या उपनद्या विचारल्या असत्या तर ओळीने सांगितल्या असत्या. शरमेने कान तापले. शेवटी भज्यांचा पुडा हातात धरून एसटीने बडनेऱ्याकडे निघालो. वाटभर ती, डाळीच्या दोन बॅगा आणि तो जिना एवढंच डोळ्यांसमोर येत होतं. घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू.

अमरावतीची गाडी केव्हाच गेली होती. बायको त्याच फलाटावरच्या बाकावर, दोन्ही बॅगांना पाय लावून बसली होती. म्हणजे गाडी चुकली, टूर पक्की, असं मी मनात ठरवूनसुद्धा टाकलं. तरी खोड जाते थोडीच. विचारलं, किती मिनिटं लागली?

"आठ. दोन्ही बॅगा घेऊन."

"मंग गाडीत बसली काहून नाही?"

वर्गातल्या ढ पोराकडे मी बघायचो तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

"दोघायनंच जाचं होतं नं? मंग एकटी कायले जाऊ?"

मी पुडा पुढे केला. भजी गार झाली होती, तरी तिने खाल्ली. मग हात पुसून बॅगेतली वही काढली आणि निकाल लिहा म्हणाली. मी लिहिलं, एक पास, एक नापास. तिने पेन मागून घेतलं आणि माझ्या नियमाखाली दुसरा नियम लिहिला: गाडी थांबली की यांचा हात धरून ठेवावा.

अमरावतीच्या पुढच्या गाडीला तासभर अवकाश होता. तिने तेव्हापासूनच सुरुवात केली.